नमुना कंपनीच घेते, मग कौन्सिल बघते काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रायगड जिल्ह्यातल्या एका सीईटीपीवर, म्हणजे कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, काही वर्षे काढून तुम्ही आता न्यूझीलंडमध्ये, वायकाटोतल्या एका दूध पावडरच्या कारखान्यात सांडपाणी विभागात लागला आहात. तिकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा (एमपीसीबी) माणूस न सांगता यायचा आणि बाटली भरून न्यायचा. इथे रीजनल कौन्सिलचा, म्हणजे प्रदेशातल्या नद्या-हवेवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, माणूस वर्षातून मोजक्या वेळा येतो, तोही बऱ्याचदा आधी फोन करून. बाकी सगळे नमुने कंपनीच घेते, कंपनीच प्रयोगशाळेत पाठवते आणि कंपनीच आकडे कळवते. ही देखरेख म्हणायची, की चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या?

शंका रास्त आहे. मी या कामात दोन्ही बाजूंनी राहिलो आहे, आधी कौन्सिलच्या नोकरीत आणि आता सल्लागार म्हणून. माझे मत विचाराल तर नमुना कोण घेतो याला तुम्ही देताय तेवढे महत्त्व नाही. पाणी मुरते ते दुसरीकडेच. परवान्यातली अट कशी लिहिली आहे, आणि पाइपाच्या तोंडाबरोबर नदीही कोणी तपासतो का, या दोन गोष्टींवर सगळे ठरते.

आधी रचना, कारण भारतातून आलेल्याचा इथेच गोंधळ होतो. आपल्याकडे राज्यभर एक मंडळ आणि त्याची प्रादेशिक कार्यालये असतात. न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या फेररचनेत रीजनल कौन्सिली तयार झाल्या आणि त्यांच्या हद्दी बहुतांशी नद्यांच्या पाणलोटाप्रमाणे आखल्या गेल्या. आज अशा ११ कौन्सिली आहेत. ऑकलंड, गिसबोर्न, नेल्सन, टास्मान, मार्लबरो या ठिकाणी शहर किंवा जिल्हा कौन्सिलच हे कामही करते. (या व्यवस्थेबद्दल मला काय वाटते ते पुढे येईलच.) १९९१ चा रिसोर्स मॅनेजमेंट अॅक्ट, इथल्या बोलीत आरएमए, हा मूळ कायदा. त्याचे कलम १५ सांगते की परवानगीशिवाय पाण्यात, किंवा पाण्यात पोहोचेल अशा रीतीने जमिनीवर, काहीही दूषित सोडायचे नाही. कारखान्याच्या धुराड्यातून हवेतही नाही. ती परवानगी म्हणजे रिसोर्स कन्सेंट. तिची मुदत जास्तीत जास्त ३५ वर्षे. कलम ३५ ने कौन्सिलवर देखरेखीचे बंधन घातले आहे आणि कलम ३६ ने त्याचा खर्च परवानाधारकाकडून वसूल करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे कौन्सिलचा माणूस तुमच्या दारात उभा असतो तेव्हा त्याच्या तासांचे बिल तुमच्याच कंपनीला जाते. हे ऐकून आपली माणसे हसतात, पण मला ते योग्य वाटते. प्रदूषण तपासण्याचा खर्च नदीकाठच्या करदात्याने का द्यायचा?

आता मुख्य फरक. तिकडे तुम्हाला बीओडी, सीओडी (घाण कुजायला किंवा रासायनिक रीतीने जळायला लागणारा ऑक्सिजन) आणि टीएसएस (पाण्यात तरंगणारे घन कण) यांचे ठरलेले आकडे पाठ होते, कारण ते उद्योगाच्या प्रकाराप्रमाणे वरून येतात. इथे दोन शेजारच्या दूध कारखान्यांच्या अटी पूर्ण वेगळ्या असू शकतात. एक समुद्रात सोडतो, दुसरा छोट्या ओढ्यात, तिसरा शेतावर फवारतो. अट ठरते ती पाणी शेवटी जिथे जाते त्याला काय सोसते यावरून. फवारणी असेल तर हेक्टरी वर्षाला किती किलो नायट्रोजन, त्या शेतातून चारा कापून नेला की गुरे चरली, भोवतालच्या बोअरमध्ये नायट्रेट किती, हे विचारले जाते. ओढा असेल तर त्या दिवशी ओढ्यात पाणी किती वाहत होते यावर किती सोडायचे ते ठरते. पावसाने ओढ दिली आणि प्रवाह घटला की सोडणे कमी करायचे, प्रसंगी बंद करून तळ्यात साठवायचे.

म्हणून नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी प्लांट दाखवत नाही, कन्सेंटची प्रत देतो. त्यातली क्रियापदे वाच म्हणतो. 'सलग १२ मासिक नमुन्यांपैकी ३ पेक्षा जास्त नमुन्यांत अमोनिया अमुक मर्यादेपेक्षा अधिक नसावा' ही अट कोर्टात उभी राहते. 'परवानाधारकाने शक्य तेवढी काळजी घ्यावी' ही राहत नाही. जुन्या परवान्यांत अशी गुळमुळीत वाक्ये भरपूर सापडतात. तसा परवाना २०-२५ वर्षे चालणार असेल तर अधिकारी कितीही कडक असो, तो हात चोळत बसतो. कलम १२८ खाली अटींचा फेरविचार करता येतो, पण बहुतेक वेळा तशी तरतूद आधी परवान्यातच लिहून ठेवलेली असावी लागते किंवा नवा प्रादेशिक नियम आलेला असावा लागतो, आणि फेरविचाराची लढाई नव्या अर्जाइतकीच दमवते.

कंपनीने स्वतः घेतलेल्या नमुन्यात खोट चालत नाही का? चालू शकते. पण जितकी सोपी वाटते तितकी नाही. मोठ्या विसर्गावर बाटली हाताने भरत नाहीत. स्वयंचलित सॅम्पलर २४ तास प्रवाहाच्या प्रमाणात थोडे थोडे पाणी घेत राहतो. प्रवाहमापकाची अचूकता त्रयस्थाकडून तपासून दाखला द्यावा लागतो. विश्लेषण साधारणपणे आयएएनझेड या राष्ट्रीय मान्यता संस्थेने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत होते. कौन्सिल अधूनमधून तोच नमुना दोन भागांत वाटून एक भाग आपल्या प्रयोगशाळेत पाठवते आणि दोन्ही निकाल शेजारी मांडते. आणि जाणत्या अधिकाऱ्याला निकालापेक्षा कच्च्या नोंदीत रस असतो.

दुधाच्या कारखान्याचेच घ्या. सीआयपी म्हणजे टाक्या-पाइप धुताना आधी कॉस्टिक जाते, मग नायट्रिक आम्ल. त्यामुळे सांडपाण्याच्या पीएचचा आलेख दिवसातून अनेकदा वर-खाली उड्या मारतो. मी कंपनीच्या नोंदी मागवल्या की सरासरी बघत नाही, दर मिनिटाची रेघ बघतो आणि शेजारी धुलाईचे वेळापत्रक ठेवतो. धुलाई चालू असताना रेघ सपाट असेल तर एकतर पीएच मोजणाऱ्या प्रोबवर साय जमून तो मेला आहे, नाहीतर तो प्रवाहात नसून बादलीत आहे. तसेच दुधाचे. दुधाचा बीओडी लिटरला सुमारे १ लाख मिलिग्रॅम, घरगुती मैलापाण्याचा दोन-तीनशे. त्यामुळे एखाद्या टँकरची गळती झाली की ती दुधाच्या हिशेबात, प्रक्रिया केंद्राच्या ऑक्सिजनच्या मागणीत आणि गाळाच्या वाढीत, तीन ठिकाणी उमटते. तिन्ही वह्या जुळवून खोट्या लिहिणे हे खरे लिहिण्यापेक्षा कष्टाचे काम आहे.

तरीही हे सगळे पाइपाच्या तोंडाशी. खरी परीक्षा नदीत होते, आणि या बाबतीत टारानाकी या प्रदेशाचे काम बघण्यासारखे आहे. तिथल्या ज्वालामुखी पर्वतावरून चौफेर उतरणाऱ्या छोट्या, दगडी तळाच्या ओढ्यांसाठी जॉन स्टार्क यांनी १९८५ मध्ये एक निर्देशांक बांधला. एमसीआय या नावाने तो आता देशभर वापरतात. कल्पना साधी आहे. दगडाखाली राहणाऱ्या अळ्या, किडे, गोगलगायी, जंत यांच्या प्रत्येक प्रकाराला १ ते १० गुण. घाणीत टिकणाऱ्याला कमी, स्वच्छ गार पाणीच लागणाऱ्याला जास्त.

प्रत्यक्षात काम असे चालते. अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीची लांब दांड्याची झोळी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायचे, झोळीचे तोंड प्रवाहाकडे धरायचे आणि तिच्या पुढ्यातले गोटे बुटाने ढवळायचे. निसटलेले जीव वाहून झोळीत येतात. ते अल्कोहोलमध्ये घालून न्यायचे, भिंगाखाली ओळखायचे. हे आधी पाइपाच्या वरच्या अंगाला, मग खालच्या अंगाला, दोन्हीकडे प्रवाह, उजेड आणि गोट्यांचा आकार होता होईल तो सारखा बघून. नुकताच पूर येऊन गेला असेल तर जायचेच नाही; पुराने धुऊन नेलेल्या ओढ्यात दोन्हीकडे सारखेच दारिद्र्य दिसते आणि कारखाना फुकटात सुटतो.

समजा वर पाच प्रकार मिळाले: हिरवी स्टोनफ्लाय स्टेनोपर्ला १०, मेफ्लाय डेलिॲटिडियम ८, आणखी दोन ८ आणि ७ चे, आणि पोटामोपिर्गस गोगलगाय ४. बेरीज ३७, भागिले ५, गुणिले २०, म्हणजे १४८. खाली मिळाले डेलिॲटिडियम ८, गोगलगाय ४, एक २ चा, जंत १ आणि लाल कायरोनोमस अळी १. उत्तर ६४. खऱ्या नमुन्यात वीसेक प्रकार असतात आणि फरक इतका ढोबळ क्वचितच असतो, पण हिशेब हाच. १२० च्या वर उत्तम, ८० च्या खाली वाईट. २०२० च्या राष्ट्रीय गोड्या पाण्याच्या धोरणाने ९० ही तळाची रेषा ठरवली.

एक खोच लक्षात ठेवा. एमसीआय फक्त प्रकार आहे की नाही एवढेच बघतो. वर ५०० डेलिॲटिडियम आणि खाली ५ उरले तरी दोन्हीकडे त्याचे गुण ८ च. म्हणून विसर्गाच्या पाहणीत संख्याही मोजणारा क्यूएमसीआय जास्त खरे बोलतो. सल्लागाराच्या अहवालात नुसता एमसीआय दिला असेल आणि संख्येचे कोष्टक परिशिष्टातही नसेल, तर मी लगेच फोन उचलतो.

रासायनिक नमुना त्या क्षणाचे सांगतो. या अळ्या मागच्या काही आठवड्यांचे सांगतात. सकाळी दहाला घेतलेल्या बाटलीत विरघळलेला ऑक्सिजन छान दिसतो, कारण उजेडात शेवाळ तो सोडतच असते. तो तळाला जातो पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, आणि त्या वेळी ना कंपनीचा माणूस तिथे असतो ना कौन्सिलचा. त्यासाठी पाण्यात लॉगर, म्हणजे आपोआप सतत नोंद करणारे यंत्र, ठेवतात. एकाच ठिकाणाहून सोडलेल्या विसर्गाच्या खाली, नोव्हेंबर ते एप्रिल या उन्हाळी महिन्यांत, दिवसातला किमान ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये अशी राष्ट्रीय रेषा आहे. पण लॉगर नसला तरी अळ्यांनी ती पहाट सोसलेली असते.

कायद्याची मोजपट्टी कलम १०७ मध्ये आहे. पाणी 'वाजवी मिसळल्यावर' तेलाचा तवंग, फेस, डोळ्यांना जाणवेल असा रंगातला बदल, घाण वास, गुरांना पिण्यास अयोग्यता किंवा जलचरांवर मोठा दुष्परिणाम होणार असेल, तर परवानगी देऊ नये. भांडण पेटते ते 'वाजवी'वर. काही प्रादेशिक आराखड्यांत पात्राच्या रुंदीची सात पट किंवा २०० मीटर असे मिसळण्याचे अंतर दिलेले असते. खालचा नमुना नेमका कुठे घ्यायचा यावरून वकिलांचे दिवस जातात, कारण पन्नास मीटर खाली सरकले की आकडे सुधारतात. २०२४ मध्ये अॅशबर्टन भागातल्या एका सिंचन योजनेच्या परवान्यावरून हायकोर्टाने या कलमाचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती करून वाट मोकळी केली: आधीच दुष्परिणाम होत असला तरी परवान्याच्या मुदतीत तो घटत जाईल अशा अटी घालून परवाना देता येतो. माझ्या मते ही पळवाट आहे. 'घटत जाईल' हे तपासायला वीस-तीस वर्षे मिळतात.

वासाचे काम आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही, इथे घेतात. वासाचे सर्वमान्य यंत्र नाही, म्हणून अधिकाऱ्याचे नाकच वापरतात, पण शिस्तीने. तो कारखान्याच्या वाऱ्याखाली उभा राहतो आणि दर १० सेकंदांनी, १० मिनिटे, वासाची तीव्रता ० ते ६ मध्ये लिहितो. साठ नोंदी. वाऱ्याची दिशा आणि वेग सोबत. मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन दुसरा उगम नाही ना हे बघतो. टारानाकीतल्या एल्थममध्ये २०१३-१४ च्या सुमारास गावाच्या वापरात नसलेल्या तळ्यात ताकासारखा दुग्ध-टाकाऊ ओतला गेला आणि तो सडून गावाला महिनोन्महिने दुर्गंधी सोसावी लागली. टारानाकी रीजनल कौन्सिलने दूध कंपनी फॉन्टेरा आणि तळ्याची मालक जिल्हा कौन्सिल, दोघांनाही कोर्टात खेचले आणि दोघांनाही दंड झाला. तिथे लोकांच्या तक्रारींच्या तारखा आणि तासांच्या नोंदींना मोल होते. कौन्सिलची तक्रार लाइन दिवसरात्र चालू असते, आणि 'काल रात्री साडेनऊला, वारा पश्चिमेचा' असे सांगणारा तक्रारदार प्रयोगशाळेच्या तोडीचा.

आता जिथे ही व्यवस्था लंगडते ते.

शहरातले बहुतेक छोटे-मध्यम कारखाने नदीत काही सोडतच नाहीत. ते गटारात सोडतात. त्यांना ट्रेड वेस्टची, म्हणजे औद्योगिक सांडपाणी गटारात सोडण्याची, परवानगी शहर किंवा जिल्हा कौन्सिल देते, रीजनल कौन्सिल नव्हे. मुलामा देणाऱ्या एखाद्या वर्कशॉपने जस्त ढकलले की रीजनल कौन्सिलला ते थेट शहराच्या मैलापाणी केंद्राच्या तोंडाशी किंवा त्याच्या गाळात दिसते, आणि तोवर माग पुसलेला असतो.

दुसरे, या सार्वजनिक केंद्रांचे. देशात ती सव्वातीनशेच्या आसपास आहेत. पुष्कळशी गावोगावची ऑक्सिडेशन तळी, ज्यांत उन्हाळ्यात शेवाळ माजून टीएसएस चढतो आणि अमोनिया थंडीत चढतो. नियम मोडले की रीजनल कौन्सिलने कोणाला धरायचे? जिल्हा कौन्सिलला. दंड भरणार कोण? ज्याच्या नदीत घाण गेली तोच करदाता. त्यामुळे खासगी कारखान्यावर जी नोटीस आठवड्यात निघते ती जिल्हा कौन्सिलवर निघायला पत्रव्यवहाराची वर्षे जातात. जिथे दोन्ही कामे एकाच कौन्सिलकडे आहेत तिथे तर कुंपणालाच शेत राखायला सांगितलेले. तिथे स्वतंत्र आयुक्त नेमून परवाना देतात हे खरे, पण रोजच्या देखरेखीला आयुक्त नसतो. शिवाय कलम १२४ प्रमाणे मुदत संपायच्या सहा महिने आधी अर्ज टाकला की निकाल लागेपर्यंत जुन्याच परवान्यावर चालू ठेवता येते. हा 'निकाल लागेपर्यंत' काही ठिकाणी दहा-दहा वर्षे लांबलेला आहे. नव्वदच्या दशकातल्या अटी आजच्या नदीवर लागू! शहरांच्या सांडपाण्यासाठी देशभर एकसारखी मानके ठरवण्याचे काम आता टौमाता अरोवाई या पाणी प्राधिकरणाकडे आहे. त्याने ही रखडपट्टी सुटावी. नदीपरत्वे अट घालण्याची सवय मात्र सुटू नये एवढेच मला वाटते.

आणि तुम्हाला नवीन असेल ती एक बाजू: माओरी समाजाची. प्रक्रिया केलेले असले तरी मानवी मैल्याचे पाणी थेट नदीत किंवा समुद्रात सोडणे त्यांना अमान्य आहे; ते आधी जमिनीतून जावे असा आग्रह असतो. याला भावनेचा प्रश्न म्हणून बाजूला सारणाऱ्याने १९८३ चा मोटुनुई-वैतारा अहवाल वाचावा. 'ते आतिआवा' या माओरी जमातीच्या लोकांची शिंपले गोळा करण्याची खडकाळ किनारपट्टी गावाच्या मैल्याने आणि कत्तलखान्याच्या विसर्गाने नासली होती, आणि त्यात मोटुनुईच्या कृत्रिम इंधन प्रकल्पाची नवी पाइपलाइन येऊ घातली होती. वैतांगी ट्रिब्युनलने त्यांची बाजू मान्य केली आणि ती वेगळी पाइपलाइन बारगळली. आज अनेक परवान्यांत शिंपल्यांचे आणि किनाऱ्याचे सर्वेक्षण असते त्यामागे हा इतिहास आहे. काही ठिकाणी स्थानिक इवीची (माओरी जमातीची) माणसे पाहणीत सोबत असतात. कुठल्या खडकावर पूर्वी काय मिळायचे हे त्यांना कौन्सिलच्या कोणत्याही नोंदवहीपेक्षा आधीपासून माहीत असते.

तपासणीनंतर प्रत्येक परवान्याला श्रेणी मिळते: पूर्ण पालन, किरकोळ, मध्यम किंवा गंभीर उल्लंघन. मग चढती भाजणी. पत्र, जागेवरचा दंड, अबेटमेंट नोटीस (उल्लंघन थांबवण्याचा लेखी आदेश), आणि शेवटी कोर्ट. इथे हेतू सिद्ध करावा लागत नाही. घाण गेली एवढे पुरे. २०२५ च्या दुरुस्तीने कंपनीसाठी कमाल दंड ६ लाख डॉलरवरून १ कोटी डॉलरवर नेला. तुमच्या व्यवस्थापकाचा सूर अलीकडे बदललेला वाटत असेल तर कारण तेच. कोर्टासाठीचा नमुना मात्र कौन्सिलचाच अधिकारी घेतो. कलम ३३२ ने त्याला वाजवी वेळी, न सांगता आत येण्याचा हक्क आहे. फोन करून येणे ही सोय आहे, बंधन नव्हे. तो आला आणि बर्फाची पेटी घेऊन वर, पाइपाशी आणि खाली अशा तीन बाटल्या भरू लागला, सोबत फोटो आणि बाटली कोणाकडून कोणाच्या ताब्यात गेली याच्या नोंदीचा कागद असेल, तर ती नेहमीची भेट नाही हे ओळखा. त्याला अडवू नका, आणि त्याच वेळी त्याच जागचा आपलाही नमुना भरून ठेवा.

तुमच्यापुरते सांगतो. मर्यादा ओलांडली की किती तासांत कळवायचे हे परवान्यात असते. ते पाळा, कारण उशिरा कळवणे हे वेगळे उल्लंघन धरले जाते. कच्च्या नोंदी पुसू नका, वाईट दिवसाच्या तर मुळीच नाही. प्रोब कधी साफ केला ते तारखेसह लिहा. आणि कंपनीने दिलेल्या सारांशावर थांबू नका. आपल्या परवान्याचा क्रमांक देऊन कौन्सिलकडे मागच्या वर्षाचा पाहणी अहवाल मागा. ही माहिती सार्वजनिक असते. नदीच्या सामान्य स्थितीचे आकडे 'लावा' (LAWA) या संकेतस्थळावर मिळतील. अहवाल शेवटून वाचायला घ्या: आधी अळ्यांचे कोष्टक, मग खालचा नमुना पाइपापासून किती मीटरवर घेतला तो नकाशा, आणि ते दोन्ही जुळले तरच पहिले पान.